पिकांचे आंकडे : ते होतात कसे व सुधारावे कसे

आपल्या खळ्यांत किती धान्य पडलें हें शेतकऱ्यास दुसऱ्या कोणी सांगावें लागत नाहीं. पायली, मण, क्विंटल, जें माप चालू असेल त्या मापानें तो मोजतो व कणगींत भरतो. परंतु तेंच धान्य गांवाच्या, तालुक्याच्या व देशाच्या हिशोबांत किती म्हणून लिहिलें जातें, याची चौकशी आपल्यापैकीं फारच थोडे लोक करतात. हा दुसरा आंकडा खळ्यांतील आंकड्याहून कमी महत्त्वाचा नाहीं. दुष्काळ जाहीर व्हावा कीं नाहीं, साऱ्याची वसुली तहकूब व्हावी कीं नाहीं, विम्याचे पैसे मिळावे कीं नाहीं, कांदा परदेशीं जाऊं द्यावा कीं अडवावा, बाहेरून डाळ आणावी कीं न आणावी, हे सर्व निर्णय त्या दुसऱ्या आंकड्यावर होत असतात. आंकडा चुकला तर निर्णय चुकतो, आणि त्या चुकीची भरपाई आंकडा लिहिणारा करीत नाहीं. ज्याच्या नांवानें तो लिहिला गेला त्यास ती करावी लागते.

महसूल खात्यांत कारकुनी करून आम्ही निवृत्त झालों. पीकपाहणीचे गोषवारे, पैसेवारीचीं पत्रकें व पीककापणीचे तक्ते यांच्या बेरजा करण्यांत आमचीं बरींच वर्षें गेलीं. त्या अनुभवाच्या आधारें, पिकाचा आंकडा कसा तयार होतो, तो कोठें बिघडतो व तो सुधारण्याच्या कामीं शेतकऱ्यास स्वतः काय करतां येईल, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

आणेवारीचा न्याय

जुन्या मुंबई इलाख्यांत पिकाचा अंदाज आण्यांत सांगण्याची चाल होती. पुऱ्या पिकाचे सोळा आणे धरावयाचे व उभें पीक पाहून तें किती आणे उतरेल हें ठरवावयाचें, अशी ही पद्धति. तिच्यांत एक मूळचीच अडचण होती. सोळा आणे म्हणजे काय, हेंच सर्वत्र सारखें नव्हतें. कोठें उत्तम साधलेल्या पिकास सोळा आणे म्हणत, कोठें नेहमींच्या पिकासच सोळा आणे समजत, तर कांहीं प्रांतांत नेहमींचें पीक बारा आण्यांचें धरीत. माप ज्याच्या त्याच्या मनांत आणि निकाल मात्र सर्वांस लागू, असा तो प्रकार होता.

या मापाचा परिणाम किती दूरवर पोंचतो हें १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांत दिसून आलें. पीक चार आणे किंवा त्याहून कमी असल्यास त्या वर्षाचा सारा पुरता तहकूब व्हावा, असा नियम होता. पीक चार आण्यांच्या आंत आहे असें शेतकऱ्यांचें म्हणणें. तें त्याहून अधिक आहे असें अधिकाऱ्यांचें म्हणणें. महात्मा गांधींच्या नेतृत्वाखालीं तेथें जो सत्याग्रह झाला, त्याच्या मुळाशीं हा एका आंकड्याचा वाद होता. एकाच पिकाकडे दोन पक्ष पाहत होते व दोघांस दोन निराळे आंकडे दिसत होते. वाद तोडण्यास लागणारा तराजू मात्र कोणापाशींच नव्हता.

पुढें दहा वर्षांनीं, १९२८ सालीं, बारडोलींत दुसरा प्रसंग आला. तेथें सरकारनें साऱ्यांत सुमारे २२ टक्के वाढ ठरविली होती, व तिचा मुख्य आधार जमिनींच्या खंडाचे आंकडे हा होता. सत्याग्रहानंतर ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांकडून चौकशी झाली. गांवोगांव जाऊन कागद व साक्षी तपासतां असें आढळलें कीं, ते खंडाचे आंकडे पुरेसे पारखून न घेतांच धरले होते. सुमारे ६ टक्क्यांहून अधिक वाढ न्याय्य ठरत नाहीं, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. बावीस व सहा यांतील अंतर हें गांवांत जाऊन केलेल्या तपासणीचें फळ होय. आंकडे सुधारण्याचा सारा विषय या एका उदाहरणांत आला आहे, असें म्हटलें तरी चालेल.

आतां आण्यांचे पैसे झाले व आणेवारीस पैसेवारी म्हणूं लागले. महाराष्ट्रांत प्रथम नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित पैसेवारी व शेवटीं अंतिम पैसेवारी अशा पायऱ्या आहेत. पन्नास पैशांच्या आंत असलेलीं गांवें टंचाईच्या सवलतींस पात्र धरण्याची जुनी वहिवाट आहे. आमच्या नोकरींत एका कचेरींतील तक्ते चाळतांना आमच्या असें ध्यानांत आलें कीं, एकावन्न, बावन्न व त्रेपन्न पैशांचीं गांवें पुष्कळ होतीं. अठ्ठेचाळीस व एकूणपन्नासांचीं मात्र जवळजवळ नव्हतींच. पाऊस कांहीं असा पन्नासाची रेघ पाहून पडत नाहीं. जेथें रेघेच्या एकाच बाजूस गर्दी दिसते, तेथें आंकडा शेतांतून न येतां कोणाच्या तरी सोयींतून आला आहे, असें समजावें.

केंद्र सरकारच्या २०१६ सालच्या दुष्काळविषयक नियमावलींत या नजरअंदाजावरचा भार कमी केला आहे. पाऊस, पेरणीचें क्षेत्र, उपग्रहानें टिपलेली पिकांची स्थिति, जमिनींतील ओल व जलसाठे यांवरून प्रथम निष्कर्ष काढावा व नंतर निवडक गांवांत प्रत्यक्ष पाहणी करावी, असा तिचा रोख आहे. ही सुधारणा खरी. परंतु शेवटची पायरी पुन्हां शेताच्या बांधावरच येऊन थांबते, हें विसरूं नये.

डोळ्याकडून तराजूकडे

डोळ्यांच्या अंदाजाऐवजीं पीक कापून व तोलून पाहावें, ही कल्पना जुनीच आहे. परंतु कोणतें शेत कापावयाचें हें अधिकाऱ्यानेंच निवडावयाचें असल्यास तो आपल्या मतें ‘सर्वसाधारण’ शेत निवडतो, आणि मनुष्यस्वभावानुसार तें बरेंच बरें असतें. या दोषावर उपाय बिहार-ओरिसा प्रांतांत जे. ए. हबॅक यांनीं काढला. त्यांनीं १९२३ ते १९२५ या काळांत भातपिकाची कापणी करतांना जागा आपल्या पसंतीनें न घेतां चिठ्ठी टाकल्याप्रमाणें दैवगतीवर सोपविली. त्यांचा वृत्तांत १९२७ सालीं पुसा येथील कृषिसंस्थेनें प्रसिद्ध केला. ज्या शेतास निवडून येण्याची संधि इतर शेतांइतकीच आहे, त्या शेताच्या वजनावरून सबंध मुलखाचा अंदाज बांधतां येतो, व तो अंदाज किती चुकण्याचा संभव आहे हेंही गणितानें सांगतां येतें. हें तत्त्व समजण्यास शास्त्री असण्याची गरज नाहीं. धान्याच्या पोत्यांत ठिकठिकाणीं बंब खुपसून वानगी पाहणाऱ्या व्यापाऱ्यास तें केव्हांच ठाऊक आहे. केवळ तोंडाशीं ठेवलेले चांगले दाणे पाहून तो भाव करीत नाहीं.

प्रशांतचंद्र महालनोबीस यांनीं १९३१ सालीं कलकत्त्यास भारतीय सांख्यिकी संस्था स्थापिली व १९३७ पासून बंगालच्या तागाची नमुना-पाहणी हातीं घेतली. सर्व शेतें मोजण्यापेक्षां थोडीं शेतें नीट मोजणें स्वस्त तर पडतेंच, शिवाय पुष्कळदां अधिक खरेंही ठरतें, हें त्यांनीं दाखवून दिलें. कारण हजारों अशिक्षित मोजणीदारांवर देखरेख ठेवणें अशक्य, व थोड्या शिकलेल्या माणसांवर ती ठेवणें शक्य.

या कामीं महाराष्ट्रीयांचा वांटा मोठा आहे. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं कृषि संशोधन परिषदेंत असतांना गहूं व भात यांच्या पीककापणीस शास्त्रीय घडी बसवून दिली. डॉ. वि. गो. पानसे यांनीं कपाशीवर तशाच प्रकारचें काम केलें. सुखात्मे यांनीं १९४६ च्या सुमारास एक मार्मिक दोष उघडकीस आणला. कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न नेहमीं जास्तच दिसतें. याचें कारण असें कीं, दोरीवर आलेलीं ताटें आंत धरावीं कीं बाहेर, असा प्रश्न पडला म्हणजे कापणाराचा हात सहजच तीं आंत घेतो. एक मीटर लांब व एक मीटर रुंद तुकड्यास एका चौरस मीटरामागें चार मीटर कड येते. पांच बाय पांच मीटरच्या तुकड्यास ती एक मीटरसही पुरत नाहीं. कड जितकी अधिक तितकी ही चूक अधिक. म्हणून मोठा तुकडा घ्यावा, हें मत अखेर आपल्या देशांत मान्य झालें. पुढें १९५१ सालीं सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेंत गेले व अनेक देशांच्या शेतीच्या आंकड्यांकडे त्यांनीं लक्ष पुरविलें.

चार खुंट्यांमधील हिशोब

आज पीककापणी होते ती अशी. गांव व गट क्रमांक यदृच्छा अंकांच्या यादीवरून ठरतात. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून, मिळालेल्या दोन अंकांप्रमाणें लांबीकडे व रुंदीकडे पावलें टाकून एक जागा धरतात. तेथें चार खुंट्या ठोकून दोरी ताणतात. आंतील पीक कापून, झोडून, उफणून तोलतात व तें वाळल्यावर किती घटतें हेंही पाहतात.

समजा, तुकडा १० मीटर लांब व ५ मीटर रुंद आहे. हे झाले ५० चौरस मीटर. एका हेक्टरांत असे २०० तुकडे मावतात. म्हणजे तराजूवर अर्ध्या किलोची चूक झाली तर ती हेक्टरीं १०० किलोची, म्हणजे एका क्विंटलची चूक झाली. आतां विम्याचा हिशोब पाहा. प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत मागील सात वर्षांपैकीं उत्तम पांच वर्षांची सरासरी काढून व तीस जोखीमस्तर लावून उंबरठा उत्पन्न ठरवितात. त्या उंबरठ्याहून प्रत्यक्ष उत्पन्न जितके टक्के कमी, तितके टक्के विमा-रकम मिळावयाची. उंबरठा दहा क्विंटलचा, खरें उत्पन्न आठ क्विंटल व विमा-रकम पन्नास हजार धरल्यास दहा हजार रुपये मिळावे. पण मंडळांतील सर्व कापण्यांत अर्धा-अर्धा किलो अधिक तोलला गेला तर उत्पन्न नऊ क्विंटल दिसेल व हातीं पांच हजारच पडतील. हीच चूक उलट्या दिशेनें झाली तर न घडलेल्या नुकसानीचे पैसे जातील. एखाददुसऱ्या कापणींतील चूक सरासरींत विरते, परंतु सर्वत्र एकाच बाजूस झुकलेली चूक सरासरीनें नाहींशी होत नाहीं.

महाराष्ट्रांत २०२५ च्या खरीपापासून विम्याची भरपाई पीककापणीवरूनच ठरविण्याचें धोरण आलें आहे. तेव्हां या चार खुंट्यांचें महत्त्व पूर्वीं कधीं नव्हतें इतकें वाढलें आहे. तरीही कापणीच्या दिवशीं शेताचा मालक सोडून गांवचा एकही मनुष्य बांधावर नाहीं, असा देखावा आम्हीं अनेकदां पाहिला आहे.

पेरणीचें क्षेत्र

उत्पन्नाचा आंकडा म्हणजे हेक्टरीं उतारा गुणिलें क्षेत्र. उतारा कितीही काळजीनें काढला आणि क्षेत्र चुकलें तर गुणाकार चुकतोच. या बाबतींत रयतवारी मुलखाची स्थिति पहिल्यापासून बरी. कारण येथें गांवोगांव कुलकर्णी किंवा तलाठी होता व प्रत्येक क्रमांकाची पीकपाहणी त्याच्या वहींत होती. कायमधाऱ्याच्या बंगालमध्यें असा ग्रामसेवक नव्हता. तेथील क्षेत्राचे आंकडे बहुतांशीं अंदाजाचे असत. १९४३ च्या भयंकर दुष्काळांत बंगालमध्यें तांदूळ किती आहे व किती कमी पडेल, हें सरकारास भरंवशानें सांगतां येत नव्हतें. त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगानें १९४५ सालच्या आपल्या अहवालांत आंकड्यांच्या या दुर्बलतेची नोंद घेतली आहे. केवळ चांगल्या आंकड्यांनीं तो दुष्काळ टळला असता असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्यास कोठारांतील धान्यच माहीत नाहीं, त्यानें वांटणी कशी करावी?

रयतवारींतही दोष शिरले. एका तलाठ्याकडे अनेक गांवें, त्यावर वसुली, दाखले, निवडणुका, पंचनामे व मंत्र्यांचे दौरे. पीकपाहणीस शेतांत जाण्यास सवड राहिली नाहीं. मग मागील वर्षाची नोंद पुढें उतरून घेण्याचा प्रघात पडला. ज्या शेतांत ऊस उभा त्याच्या उताऱ्यावर ज्वारी, व तुरीची ओळ कपाशींत असली तर तुरीचा उल्लेखच नाहीं, असे प्रकार सर्वांच्या परिचयाचे आहेत. श्री. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय सांख्यिकी आयोगानें २००१ सालीं हेंच सांगितलें. ग्राम-अधिकाऱ्यावरील भार ओळखून, सर्व गांवांच्या कच्च्या नोंदींपेक्षां वीस टक्के गांवांची पक्की पाहणी करून तीवर देशाचे अंदाज बांधावे, अशी शिफारस आयोगानें केली. फळें व भाजीपाला यांच्या आंकड्यांचा पाया तर धान्याइतका जुना व व्यापकही नाहीं.

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानें स्वतः शेतांत उभें राहून मोबाईलवर पिकाचें छायाचित्र घ्यावें व नोंद करावी, आणि तलाठ्यानें त्यांतील दहा टक्के नोंदी तपासाव्या, अशी ही योजना. ज्याचें पीक त्याची नोंद, हें तत्त्व आम्हांस फार मोलाचें वाटतें. सातबाऱ्यांतील बाराव्या नमुन्याची लेखणी प्रथमच कुळवाड्याच्या हातीं आली आहे. परंतु ती हातीं आली असतां न चालविणें, किंवा भाच्याच्या हातांत मोबाईल देऊन घरबसल्या कांहीं तरी भरून टाकणें, हें जुन्या ‘मागील पानावरून पुढें’चेंच नवें रूप होय.

इतर देशांचा अनुभव

ही आपलीच अडचण आहे असें नाहीं. आफ्रिकेंतील मलावी देशांत मका हें मुख्य अन्न. २००१ च्या सुमारास तेथें मक्याचें पीक कमी आलें. परंतु कसाव्यासारख्या कंदांचें पीक भरपूर आहे असे सरकारी आंकडे दाखवीत होते, म्हणून चिंतेचें कारण दिसलें नाहीं. राखीव साठ्यांतील मका विकून टाकला गेला होता. कंदांचे आंकडे फुगलेले होते, हें २००२ सालीं लोक उपाशी मरूं लागले तेव्हां उघड झालें. कंद एकाच वेळीं न काढतां लागतील तसे जमिनींतून काढतात, म्हणून त्यांचें मोजमाप मूळचेंच कठीण; तें कठीण आहे हें ध्यानांत न घेतां आंकड्यावर विसंबल्याचा हा परिणाम. पुढें २००७ सालीं तेथील शेतीखात्यानें ३४ लक्ष टन मक्याचा विक्रमी अंदाज सांगितला व मका निर्यात होऊं लागला. त्याच हंगामाच्या कृषिगणनेंत मात्र आंकडा बराच कमी निघाला, आणि दुसऱ्या वर्षीं देशांतील भाव चढले.

घाना देशानें २०१० सालीं राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याचें आधारवर्ष बदलतांच तें उत्पन्न एकदम सुमारे ६० टक्क्यांनीं वाढलेलें दिसलें. नायजेरियाचें २०१४ सालीं सुमारे ८९ टक्क्यांनीं वाढलें. रातोरात कोणाच्या घरांत सोनें आलें नव्हतें. जुनी मोजपट्टी बदलण्यास पुष्कळ वर्षें कोणी पैसा व माणसें दिलीं नव्हतीं, एवढाच त्याचा अर्थ. गरीब देश प्रथम आंकड्यांच्या खर्चास कात्री लावतात आणि मग त्या कच्च्या आंकड्यांवर मोठमोठे खर्च ठरवितात. हें बीं निवडण्यांत काटकसर करून खतावर पैसा ओतण्यासारखें आहे. म्हणूनच २०१० सालीं संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगानें शेतीचे व ग्रामीण आंकडे सुधारण्याची जागतिक योजना मान्य केली.

आपण काय करावें

सरकारकडून दोन गोष्टी अवश्य व्हाव्या. पीककापणी व पीकपाहणी करणारांवरील इतर कामें त्या हंगामापुरतीं कमी करावीं. आणि प्रत्येक कापणीचें वजन गांवाच्या चावडीवर व पंचायतींत त्याच आठवड्यांत लावावें. ज्या आंकड्यावर गांवाचें नशीब ठरतें तो गांवापासून गुप्त ठेवण्याचें कारण नाहीं. शेतकऱ्यांनीं करावयाच्या गोष्टी पुढीलप्रमाणें :

(१) ई-पीक पाहणी मुदतींत, स्वतः शेतांत जाऊन करावी. आंतरपीक असल्यास दोन्ही पिकें लिहावीं. पडीक जमीन पडीक म्हणूनच नोंदवावी.

(२) गांवांत पीककापणी केव्हां व कोणत्या गटांत आहे हें आधीं विचारून घ्यावें व दोन-चार जाणत्या मंडळींनीं हजर राहावें. अंकांची यादी, फीत व तराजू पाहावा. दोरीवरील ताटांचा निर्णय बुंधा आंत कीं बाहेर यावरून करावा. वजन शाईनें लिहिल्यावांचून कोऱ्या तक्त्यावर सही किंवा अंगठा कोणी देऊं नये.

(३) प्रत्येक गांवच्या सोसायटीनें एक पीकवही ठेवावी. सभासदाचें नांव, पेरलेलें क्षेत्र व खळ्यावर तोललेलें उत्पन्न, एवढे तीन रकाने पुरेत. पांच वर्षांची अशी वही जवळ असली तर चुकीच्या पैसेवारीविरुद्ध अर्ज करतांना नुसतें गाऱ्हाणें सांगावें लागणार नाहीं. पुरावा पुढें ठेवतां येईल.

(४) आपल्या फायद्याचाही खोटा आंकडा देऊं नये. २०२३ पासून एका रुपयांत पीकविमा मिळूं लागला तेव्हां, जेथें पेरणीच झाली नव्हती अशा व सरकारी मालकीच्या जमिनींवरही अर्ज भरले गेले. परिणाम असा झाला कीं २०२५ सालीं ती सवलत बंद झाली, व प्रामाणिक शेतकऱ्यास पुन्हां आपल्या वांट्याचा हप्ता भरावा लागत आहे. लबाडीनें वाढविलेला एक आंकडा शेजाऱ्याच्या दहा खऱ्या आंकड्यांची पत घालवितो.

आंकडे सुधारण्याचें काम दिल्लींत किंवा मुंबईंत बसलेले विद्वान एकटे करूं शकणार नाहींत. त्यांची गणितें कितीही सूक्ष्म असलीं तरी त्यांत पडणारा पहिला अंक शेतांत लिहिला जातो. खेड्याच्या शेतकऱ्यांपाशीं १९१८ सालीं सत्य होतें, पण तें तोलून दाखविण्याचें साधन नव्हतें. आपल्यापाशीं तराजू आहे, वही आहे व नोंदीची लेखणीही आहे. येत्या हंगामापासून निदान आपल्या गांवापुरती पीकवही सुरू करावी, व पहिल्या वर्षाच्या सुगीनंतर तिच्यांतील सरासरी सरकारी आंकड्याशेजारीं मांडून पाहावी, अशी वाचकांस आमची आग्रहाची विनंति आहे.